पातेल्याचा हात

सव्वीस जानेवारी, सकाळ, आणि काम दूध तापवण्याचं. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन शेगड्यांवर दोन मोठी पातेली चढवली. दूध म्हशीचं, कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात तिथून, डोळ्यांदेखत धार काढून आणलेलं. मी शेगडीपासून हलले नाही. एकदा वर आलं, गॅस बारीक केला. पुन्हा वर येऊ दिलं. तिसऱ्यांदाही. मग पातेली गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली, गार झाल्यावर फ्रीजमध्ये. वर बोटभर साय. मोठ्या सुनेनं काम अर्धवट केलं असं म्हणायला कुणाला जागा ठेवली नाही.

थोड्या वेळानं आमच्या दुकानाचं कॅफे होणार होतं आणि धाकटी जाऊ पाहुण्यांपुढं कॉफीवर नक्षी काढणार होती. त्या दुधावर ती उमटणार नाही हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

दुकान सासऱ्यांचं, चहापत्ती आणि कॉफीपूडचं. ते गेल्यावर गादीवर मी बसले. नवऱ्याला नोकरी होती, दिराला दुकानाचा कंटाळा. गिऱ्हाइकाच्या घरात माणसं किती आणि चहा कडक लागतो की मवाळ, हे मला तोंडपाठ होतं. पुढं पुड्यांचा चहा गल्लोगल्ली मिळायला लागला आणि आमचा धंदा बसला. कॅफे काढायची कल्पना दिराची. मी लगेच हो म्हटलं. ठरलं असं की दोघी जावांनी चालवायचं. मी पुढंच असणार हे वेगळं ठरवावं लागेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

जाऊ माहेरी पुण्याला जाऊन कॉफीचा कोर्स करून आली. मशीन बसवलं त्या दिवशी सगळे जमले होते. तिची आईसुद्धा. जावेनं कपात झोकात बदाम काढून दाखवला. नंतर मी दुधाचा मग हातात घेतला. दूध आधी येईचना, आणि आलं ते भसकन. कप भरून बशी भरली. जावेनं माझ्या हातातून मग काढून घेतला आणि हसत म्हणाली,

"ताई, राहू द्या. तुमचा हात पातेल्याचा आहे, कपाचा नाही. तुम्ही आपलं आतलं बघा."

सगळे हसले. मशीन बसवायला आलेला माणूसही हसला. माझा नवराही हसला, त्याला आठवडाभर अळणी आमटी मिळाली. पण जावेचा हिशोब आमटीनं मिटणारा नव्हता. आतलं बघा म्हणजे मागच्या खोलीत, मोरी आणि शेगडी यांच्या मधे. ज्या दुकानात मी दारात उभी राहून पेठेतल्या निम्म्या लोकांना नावानं हाक मारली, तिथं आता मी भिंतीच्या पलीकडं. ती जागा मला परत घ्यायची होती. भांडून मिळाली असती, पण मग ती जन्मभर म्हणाली असती की भांडून घेतली.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावर एक छोटं कॉफीचं मशीन पडून होतं. लेकीनं हौसेनं घेतलेलं आणि नोकरीला बंगळूरला जाताना इथंच सोडलेलं. दीर-जाऊ वेगळे राहतात, त्यामुळं त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. नवरा ऑफिसला आणि सासूबाई देवळात गेल्या की मी मशीन ओट्यावर घ्यायची. मोबाइलवर एक बाई शिकवायची, कुठल्या देशातली कोण जाणे. तिची भाषा कळत नव्हती, हात कळत होते.

दूध फुकट घालवायचं नाही म्हणून आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून वाफ द्यायला शिकले. मशीनच्या वाफेच्या नळीचं टोक पाण्याच्या जेमतेम खाली ठेवायचं, कागद फाडल्यासारखा आवाज आला पाहिजे. मग टोक खाली बुडवायचं आणि मगात भोवरा फिरू द्यायचा. मगाला लावलेला हात ठेववेनासा झाला की बंद. ओतताना सुरुवात उंचावरून, म्हणजे दूध कॉफीखाली जातं. कप अर्धा झाला की मगाची चोच कॉफीला टेकेल इतकी खाली आणायची. तेव्हा पांढरं वर दिसायला लागतं. मनगट हलवलं की पान, शेवटी मधून धार ओढली की देठ. साबणाच्या पाण्यावर मला पान यायला लागलं. हात शिकला होता.

दुधावर मात्र काही येईना. फेस यायचा, पण तो दाढीच्या साबणासारखा जाड, फुगे फुगे असलेला. ओतायला गेलं की आधी पातळ दूध यायचं, मग गचकन गोळा पडायचा. कधी सायीचा तुकडाच आडवा यायचा. बिघडलेल्या दुधाला मी विरजण लावायची, त्यामुळं घरात ताक मावेना. नवरा एकदा ताटाकडं बघून म्हणाला, "आज पण कढीच व्हय?" मी म्हटलं, हसायच्या आधी विचार करायचा असतो.

एके दिवशी त्या बाईला बघता बघता ध्यानात आलं. तिच्या ओट्यावर पातेलं नव्हतं. ती फ्रीजमधून गार दूध काढायची आणि थेट मगात ओतायची. आमच्याकडं दूध घरात आलं की आधी गॅसवर. म्हशीचं असो, गाईचं असो, अगदी पिशवीचं असो. डेअरीत एकदा तापवून गार केलेलं असतं, तरी आपण उकळतोच. न तापवलेलं दूध ओट्यावर राहिलं तर घरातल्या बाईला झोप येत नाही. ते उकळलेलं दूध मी पुन्हा वाफेनं तापवत होते, आणि त्यात फेस धरायचं बळच उरत नव्हतं.

कोपऱ्यावरून एक पिशवी आणली आणि फ्रीजमध्ये भाजीमागं लपवली. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, ती शोधून काढलीच.

"हे पिशवीचं कुणाला? घरात कोण आजारी हाय?"

माझं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. त्यांनी ओव्याची पुरचुंडी हातावर ठेवली. मी ओवा खाल्ला आणि त्या देवळात गेल्यावर पिशवी फोडली. दूध न तापवता मगात घेतलं. वाफ दिल्यावर ते ऑइलपेंटसारखं चकचकीत आणि दाट झालं. कपात ओतलं, मनगट हलवलं, धार ओढली. देठासकट पान. मी कप बराच वेळ खाली ठेवला नाही. आनंद झाला म्हणाल, तर झाला. पण पहिल्यांदा डोळ्यांपुढं आला तो जावेचा चेहरा.

उद्घाटन सव्वीस जानेवारीला ठरलं. त्या दिवशी कोल्हापूर झेंडावंदन करून जिलेबी घ्यायला रस्त्यावर येतं, लोक आपोआप मिळतील हा दिराचा हिशोब. आदल्या आठवड्यात दुधाचा विषय निघाला. जाऊ पिशवीचं दूध आणणार होती. आत्ती उखडल्या. कोल्हापुरात दुकान काढायचं आणि पाहुण्याला पिशवीचं पाजायचं, लोक तोंडात शेण घालतील, म्हणाल्या. जावेला सासूची मर्जी हवी होती. ती लगेच कट्ट्याच्या दुधाला तयार झाली, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तेवढं नीट तापवून ठेवा हं. कुणाचं पोट बिघडायला नको."

कोर्सला तिला दूध फ्रीजमधून आयतं हातात मिळत होतं. ते तापवलेलं नसतं, हे तिच्या ध्यानातही आलं नसावं. सांगण्यासाठी माझं तोंड उघडलं होतं. मशीनवाल्याचं हसू आठवलं आणि मिटलं.

आणि मग ती सकाळ. जिलेबीच्या बशा फिरल्या. जाऊ नव्या साडीवर एप्रन बांधून मशीनपुढं उभी राहिली. पहिला कप तिच्या आईला. वाफेखाली दुधाचा मग किंचाळायला लागला, दुधावर बोराएवढे फुगे आले. तिनं ओतलं. गोळा पडला. दुसऱ्या कपात सायीचा तुकडा पडून कॉफी तिच्या एप्रनवर उडाली. तिसरा कप पुण्याहून आलेल्या तिच्या मामांनी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, हे काय काढलंय?

"नकाशा हाय, पावणं," आत्ती म्हणाल्या. "गाव सापडतंय का बघा तुमचं."

आता लोक जावेवर हसले. मी मागच्या खोलीच्या दारातून बघत होते. मला वाईट वाटलं नाही. तिचे कान लाल झाले आणि तिनं चौथा कप उचलला, तेव्हा मी आतल्या फ्रीजमध्ये सकाळीच लपवलेली माझी दुधाची पिशवी आणि घरून आणलेला माझा मग घेऊन बाहेर आले. "सर जरा," म्हटलं. ती सरली.

तिच्या आईसाठी पान काढलं. मामांसाठी त्याहून मोठं. आत्तींच्या कपात दोन पानं, एकाला एक लागून. नवरा टाळी वाजवायला निघाला होता, माझ्याकडं बघून थांबला. मग पाहुणे आपापले कप घेऊन रांगेत उभे राहिले.

गर्दी ओसरल्यावर जाऊ मागच्या खोलीत आली.

"माझं का नाही जमलं?"

"तुझा हात कपाचाच आहे. दूध पातेल्याचं होतं."

मी तिला तापवण्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय की."

"मग सांगितलं का नाही?"

"मी आतलं बघत होते."

तिनं एप्रन सोडला आणि घडी घालत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर मी उघडलं. दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये लावल्या. वाफेची नळी पुसली, माझा मग मशीनशेजारी ठेवला. तीन उकळ्यांनी कालच्या दोन्ही पातेल्यांच्या तळाला दूध धरलं होतं, ती मी मुद्दाम घासली नव्हती. मोरीत उपडी घातली, वर घासायचा काथ्या ठेवला. जाऊ आली, तिनं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एप्रन घेऊन आत गेली. पातेलं खरवडल्याचा आवाज यायला लागला. पहिला कप मी स्वतःसाठी केला आणि दुकानाच्या दारात उभी राहून प्यायले.