तबक धरणारा माणूस

आई गेल्यानंतर आबा माझ्याकडे ओतूरला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. ती त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवली. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी मोकळा केला होता, तो मोकळाच राहिला. धुतलेला सदरा वाळला की घडी करून पुन्हा पिशवीत जायचा. येता-जाता मला ती पिशवी दिसायची, उद्याच निघणाऱ्या माणसाची असावी तशी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवत होते. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. माझं माहेर घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. तिथलं घर आता बंद होतं, आणि आबांनी त्या घरात एकट्यानं राहावं हे मला अजिबात नको होतं. पण आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही. जुनी माणसं लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नसत. आबा पाणी प्यायचे, पण विचारल्याशिवाय नाही. चहाचा कप स्वतः विसळायला उठले की मी तो हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, राहू द्या, बसा तुम्ही. हे ‘बसा तुम्ही’ मी दिवसातून किती वेळा म्हणत होते, देव जाणे.

घरात करमत नसेल तर बाहेर करमेल, असा मी हिशेब केला. आमच्या भागात मंडळांना तोटा नाही. दोन आळ्या ओलांडल्या की एक तरुण मंडळ, प्रत्येक देवळाचं आपलं भजनी मंडळ, शिवाय वाचनालय, महिला मंडळ, पेन्शनरांची बैठक. कुणाला पगार नाही. सगळे आपापली कामं आटोपून येतात, चटईवरून भांडतात, रुसून निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होतात. कॉलेजच्या बाई म्हणून मला भाषणांची बोलावणी असायची, त्यामुळे ओळखी होत्या. आबांना एकेका ठिकाणी घेऊन जावं, कुठेतरी ते रुजतील, असं माझ्या मनात होतं.

आणि पहिल्याच ठिकाणी मी माती खाल्ली. पेन्शनरांच्या बैठकीत एकानं विचारलं, वडील कुठे होते नोकरीला? मी म्हणाले, शिक्षण खात्यात. हे खोटं नव्हतं. आबा एका हायस्कुलात तीस वर्षं शिपाई होते. पण ‘शिपाई’ हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. विचारणाऱ्यानं लगेच हात जोडले आणि म्हणाला, “या गुरुजी, असं वर बसा.” आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला नीट लावण्यात गुंतले.

तिथून पुढे त्यांचे सत्कार सुरू झाले. आमच्या भागातल्या लोकांची ही जुनी खोड आहे. नवा वडीलधारा माणूस आला की त्याला नुसतं बसवायचं नाही, त्याला शाल पांघरायची, हातात नारळ द्यायचा, मग काय ते बोलायचं. त्यासाठी एक शाल आणि एक नारळ प्रत्येक मंडळाच्या कपाटात तयार असतो. आबा तर तिहेरी मानाचे झाले होते. गुरुजी, बाईंचे वडील आणि गावाचे पाहुणे. भजनी मंडळात ते टाळ घ्यायला वाकले तर कुणीतरी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खुर्ची आणली. देवळात सगळे जमिनीवर आणि आबा एकटे खुर्चीत. घरी परतताना त्यांच्या काखेत शाल आणि हातात नारळ. महिनाभर आम्ही नारळाच्या वड्या खाल्ल्या. शेजारणीनंही शेवटी त्या वड्यांना हात जोडले.

शेजारच्या डिंगोऱ्याच्या तरुण मंडळानं कहर केला. एका रविवारी तिथली दोन पोरं घाईघाईनं दारात आली. आज कार्यक्रम आहे, पाहुण्यांसाठी शाल आणायला आलो तर दुकान बंद, घरात एखादी नवी असली तर द्या, उद्या परत करतो. मी ट्रंकेतली एक काढून दिली. जाता जाता त्यांनी चौकशी केली, गुरुजी मोकळे आहेत का? तासाभरानं तीच शाल डिंगोऱ्याच्या स्टेजवर आबांच्या खांद्यावर पडली. आबांनी ती घडीवरून ओळखली होती. परतीच्या जीपमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, आता ही उद्या परत करायची की ठेवायची? त्या दिवशी आम्ही दोघं खूप दिवसांनी मनापासून हसलो.

पण मला एक गोष्ट दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. शाल अंगावर पडताना आबा शाल देणाऱ्याकडे बघायचेच नाहीत. त्यांची नजर शेजारी तबक धरून उभ्या असलेल्या माणसाकडे असायची. तीस वर्षं ते त्या जागी उभे राहिले होते. शाळेत कोणीही पाहुणा आला की तबक आबांच्या हातात. नारळाची शेंडी कुठे, फूल कोणत्या बाजूला, शालीची घडी कशी असली म्हणजे एका झटक्यात उलगडते, हे सगळं त्यांना हातानं ठाऊक होतं. लहानपणी मी त्याच शाळेत शिकत होते. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेले की तबक धरलेले आबा डोळ्यांनीच सांगायचे, हसू नको, पाया पड. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची नाही. ती नंतर कधी तरी आली, बहुतेक कॉलेजच्या नोकरीबरोबर.

ओतूरच्या एका वाचनालयाचे सेक्रेटरी कापडाचे व्यापारी होते. जैन, आजोबा राजस्थानातून आलेले, पण त्यांचं मराठी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ. दुकान सांभाळून, ज्याला वेळ होईल त्यानं कुलूप काढायचं, अशा पद्धतीनं ते वाचनालय चालत होतं. म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस बंदच. वर्धापनदिनाला त्यांनी आबांना स्टेजवर बसवलं. दुपारी चारची वेळ, हॉल भरलेला, समोर माझे विद्यार्थी. सूत्रसंचालन करणाऱ्याला अचानक हुक्की आली. त्यानं जाहीर केलं, आता आपले ज्येष्ठ गुरुजी दोन शब्द मार्गदर्शन करतील.

आबा उठले. माईकपाशी गेले.

“मला बोलता येत न्हाई,” ते म्हणाले. “माजी लेक बोलंल.”

त्यांनी मला वाचवलं. आणि मी काय केलं, तर स्टेजवर जाऊन वाचनसंस्कृतीवर पाच मिनिटं बोलले. छान बोलले. खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा आणि वेळ मिळणार नव्हती, हे बोलतानाच मला कळत होतं, तरी मी अवतरणं देत राहिले. कार्यक्रम संपल्यावर चहा झाला आणि पाहते तो आबा हॉलमधले रिकामे पेले गोळा करतायत, एकेका हातात पाच-पाच. मी पुढे होऊन ते काढून घ्यायला गेले आणि हळूच म्हणाले, लोक बघतायत. त्यांनी पेले सोडले. ‘लोक बघतायत’ म्हणणारा तो आवाज मला अजून आठवतो, कारण तो माझा होता.

घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोरीवरचा टॉवेल घडी करताना म्हणाले, “बाय, तुज्या गावात मी पावणाच बरा. आन् पावण्यानं चार दिस ऱ्हावं. उद्या सकाळच्या गाडीनं जातो.”

मी रडले, हट्ट केला, आईची शपथ घातली. ते ऐकत होते आणि घडी घालत होते.

सकाळी ते आंघोळीला गेले तशी मी सेक्रेटरींच्या कापडाच्या दुकानात गेले. इतक्या लवकर का गेले, काय मागायला गेले, मलाही नीट माहीत नव्हतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातली एक माझ्या विद्यार्थिनीची आई. थांबावं, ही जाऊ दे, असं वाटलं. पण थांबले तर पुन्हा काहीतरी छान बोलून परत येईन, याचीही खात्री होती. मी गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, “माझे वडील गुरुजी नाहीत. हायस्कुलात शिपाई होते. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं.”

ते गृहस्थ खणाचं माप घेत होते. माप पुरं केलं, कात्री चालवली, मग म्हणाले, “काल पेले उचलताना बघितलं तेव्हाच समजलं. असे पेले सवयीशिवाय धरता येत नाहीत.” मग त्यांनी कापडाची घडी घातली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “मग इतके दिवस त्यांना बसवून का ठेवलंत?”

गावानं त्यांचे पाच-सहा सत्कार केले असतील. मी घरात रोज करत होते, कप हातातून काढून घेऊन. काम करत जगलेल्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून खुर्चीत बसवलं होतं, आणि त्याला मी प्रेम म्हणत होते.

सेक्रेटरींनी गल्ल्याच्या खालून वाचनालयाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. मी हात पुढे केला तर म्हणाले, तुमच्याकडे नाही, आणि दुकान पोराच्या स्वाधीन करून माझ्याबरोबर निघाले. आम्ही पोचलो तेव्हा आबा एसटी स्टँडवर गावी जायला जुन्नरच्या गाडीची वाट बघत उभे होते, पिशवी खांद्याला. सेक्रेटरींनी रामराम केला, गुरुजी म्हणाले नाहीत.

“भाऊ, वाचनालय सकाळी आठला उघडायला माणूस पाहिजे,” ते म्हणाले. “पगार नाही. झाडलोटही करावी लागेल. जमेल का?”

आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, मी यांना सांगितलं, आबा. सगळं सांगितलं.

जुन्नरची गाडी आली, फलाटाला लागली. आबांनी किल्ल्या हातात घेऊन एकेक चाचपून पाहिली, कुठली कुठल्या कुलपाची असेल ते बघतात तशी.

“सतरंज्या कुबट झाल्यात तुमच्या,” ते म्हणाले. “आदी त्या उनात घालाया पायजेत.”

त्या संध्याकाळी त्यांनी पिशवीतले कपडे कपाटात लावले. पिशवीचीही घडी करून खालच्या कप्प्यात ठेवली. मला मात्र पुढचे काही दिवस जड गेले. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं क्षणभर थांबायचं. एकीनं सहानुभूती दाखवली, तिच्यावर मी उगाचच खेकसले. मग तेही संपलं. आबा नऊ वर्षं वाचनालय उघडत होते. मोठ्यानं बोलणाऱ्याला दम द्यायचे, आणि एकदा मलाच पुस्तक उशिरा आणल्याबद्दल सगळ्यांसमोर ऐकवलं. भजनी मंडळातही त्यांना टाळ मिळाला. ताल चुकला की लोक त्यांच्यावर ओरडायचे, आणि ते घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगायचे की आज लई बोलणी खाल्ली.

दोन हजार सालानंतर केव्हातरी माझी पीएचडी झाली. वाचनालयानं माझा सत्कार ठेवला. तोच हॉल, तीच दुपारची वेळ. सेक्रेटरी शाल उचलायला वळले तेव्हा तबक घेऊन आबा उभे होते, पांढरा सदरा, टोपी, पाठ ताठ. शाल खांद्यावर येता येता त्यांनी ओठ न हलवता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हटलं, “खाली वाक जरा. घसरंल.”

मी वाकले. त्या शालीसाठी वाकले की त्यांच्यासाठी, सांगता येणार नाही.

मग मी माईक हातात घेतला. या वेळी अवतरण दिलं नाही. म्हणाले, तबक धरून उभे आहेत ते माझे वडील. शाळेत शिपाई होते. मला वाकायला त्यांनी शिकवलं, आणि ते शिकायला मला फार वेळ लागला. एवढं बोलून माईक परत दिला. टाळ्या वाजल्या, बराच वेळ वाजत राहिल्या. मी डोळे पुसून आबांकडे वळले, तर त्यांचं टाळ्यांकडे लक्षच नव्हतं. यादीत अजून एक सत्कार होता, आणि ते तबकात दुसरा नारळ ठेवून त्याची शेंडी नीट करत होते.