बोरीला मी दिलेली डबल बेल

एसटीत कंडक्टर असताना इंग्रजीतला एकच शब्द मी मनापासून वापरला. ऍडजस्ट. आमची गाडी गंगाखेडहून निघून परभणी, बोरी करत जिंतूरला जायची. बाजाराच्या दिवशी तिघांच्या बाकावर चौथा बसवायचा, तर ‘सरका’ म्हणून चालत नसे. सरका म्हटलं की माणूस अंगावर यायचा. “ओ मामा, जरा ऍडजस्ट करा की,” म्हटलं की तोच माणूस कुरकुरत का होईना, हलायचा. म्हाताऱ्या बायका त्याला ‘अडजेस’ म्हणत. “बस ग बाई, अडजेस कर,” असं म्हणून आपलं गाठोडं मांडीवर घेत. एक गोष्ट मी रोज बघत होतो, पण तिचा कधी विचार केला नाही. खिडकीजवळ बसलेला कधीच हलायचा नाही. कडेला बसलेल्यानंच अर्धं अंग बाहेर काढून जिंतूरपर्यंत जायचं.

परवा दुपारी या शब्दाशी पुन्हा गाठ पडली. माझी थोरली लेक अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरात सगळे तिच्या उजवीकडं बसतात. तशीच तिची मुलगी उजवीकडं बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, त्याच्या जोडीचे शब्द, असं चाललं होतं.

“आबा, ऍडजस्टला मराठीत काय काय म्हणतात? तुमचा तर धंद्यातला शब्द. पटापट सांगा.”

मला बरं वाटलं. मी सांगत गेलो. जुळवून घेणे. जमवून घेणे. भागवणे. निभावून नेणे. सायकलची सीट असेल तर वरखाली करणे, आरसा असेल तर नीट बसवणे.

“सोसणे,” लेक मान वर न करता म्हणाली.

नात हसली. “आई, ते वेगळं. असं लिहिलं तर मार्क जातील माझे.” मग तिचा आवाज बदलला. “तुझं हेच चुकलं बघ. सोसत बसलीस. आबांना तेव्हा एका शब्दानं सांगितलं असतंस, तर तुझा कान तरी वाचला असता. बापाला सांगायला कसली लाज?”

लेकीनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

नात जे बोलली ते तिच्या मनचं नव्हतं. ती कळतं झाल्यापासून तेच ऐकत आली आहे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तेच बोललं जातं. आणि ते पहिल्यांदा बोललो तो मी.

खरं असं आहे. लेक बोरीला दिली होती. गाडी बोरीला चहापुरती थांबायची. लग्नानंतर ती कधी कधी थांब्यावर यायची, माझ्यासाठी लिंबाचं लोणचं, कधी धपाटे घेऊन. ड्रायव्हर मला चिडवायचा, “कंडक्टर, तुमचं हॉटेल आलं.” नंतर ती रिकाम्या हातानं येऊ लागली. नुसती उभी राहायची. मी विचारायचो, “बरं हाय ना?” ती म्हणायची, “हाय की.” मला तेवढं पुरे होतं. सासू बोलते, नवरा हात उगारतो, हे तिनं हळूहळू सांगितलं. प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच होतं. थोडं ऍडजस्ट कर.

एक दिवस ती पदर कानावर घट्ट धरून आली. कडेवर तान्ही पोर. हीच, आता बँकेची परीक्षा देणारी. गाल सुजलेला होता. तो मला दिसला.

“अण्णा, कान लय दुखायलाय. आतून पाणी यायलंय. मला आज घिऊन चला.”

मी म्हणालो, “आज गाडीला गर्दी हाय. थोडं ऍडजस्ट कर बाई. मी बोलतो जावईबापूंना.”

“तुमी मागल्या बारीलाबी असंच म्हणलाव.”

“लोक बघायलेत. घरी जा.”

धाकटीची सोयरीक तेव्हा जमत आली होती, आणि स्थळ थोरलीच्याच सासरच्या नात्यातलं होतं. थोरली माहेरी येऊन बसली असती तर धाकटीचं मोडलं असतं. हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मी पायरीवर चढलो आणि दोरी ओढली. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. मी डबल दिली. पुढच्याच फाट्यावर एक बाई, तिची दोन लेकरं आणि एक शेळीचं करडू उभं होतं. त्यांना मी गाडीत घेतलं, लोकांना ऍडजस्ट करायला लावून जागा करून दिली. ती बाई मला पोटभर आशीर्वाद देत होती.

जावयाशी मी बोललो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

धाकटीचं लग्न पार पडल्यावर थोरली आपली आपण आली. माझी ड्यूटी नसलेल्या दिवशी, दुसऱ्या कंडक्टरच्या गाडीनं. तो दिवस तिनं मुद्दाम निवडला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. डॉक्टर म्हणाले, कानाला उशीर झाला, लवकर आणायला पाहिजे होतं. घरात भावकी जमली. माझा भाऊ म्हणाला, “तू रोज बोरीहून जातूस, तुला कसं कळलं न्हाई?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “हिनं मला कधी एका शब्दानं सांगितलं असंल तर शपथ.”

ती आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता बाहेर येईल आणि माझं तोंड उघडं पाडेल. ती आली ती चहा घेऊन. मग भावाची बायको तिला म्हणाली, “आगं मुके, बापाला तरी सांगावं की!” तेव्हापासून तिचं नाव मुकी पडलं. संसार मोडला तो तिच्या गप्प बसण्यानं, असं ठरलं. मी गरीब बिचारा बाप ठरलो. आणि त्या बापाची भाकरी तीच थापते.

नातीनं पुस्तकाचं पान उलटलं तेव्हा मी बोललो. “सांगितलं होतं तिनं.”

“कुणी?”

“तुझ्या आईनं. मला. बोरीच्या थांब्यावर. तू कडेवर होतीस. मला घिऊन चला म्हणली. मी आणलं न्हाई.”

“गाडीत जागा नव्हती?”

“व्हती.”

नातीनं पुस्तक मिटलं. लेकच म्हणाली, “राहू द्या की अण्णा. झालं गेलं कशाला उकरायलाव?”

“आई, तू थांब.” नात माझ्याकडं वळली. “मावशीला माहीत आहे हे? तुमच्या भावाला, छोट्या आजोबांना?”

“कुणालाच न्हाई.”

“मग मला एकटीला सांगून काय उपयोग?”

ती पुस्तक उचलून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. माझ्या ताटात भाजी वाढते, पण काय पाहिजे ते विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटीच्या नव्या घराची वास्तुशांती आहे. भाऊ येईल, त्याची बायको येईल, बोरीकडचेही काही येतील. काल मी लेकीजवळ गेलो आणि विचारलं, “तिथं सगळ्यांच्या पुढं सांगू का?” खोटं कशाला लिहू, ती पुन्हा ‘राहू द्या’ म्हणेल या आशेनंच मी विचारलं होतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. हातावरची धूळ झाडली.

“सांगा,” ती म्हणाली. “पण माझ्या उजव्या अंगाला उभं राहून सांगा. मलाबी ऐकायचंय.”