निळ्या रेशमाचे तोडु

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "रिलॅप्स." म्हणजे गेलेला आजार परत आला. मी विचारलं, "बोन मॅरोमध्ये?" ते म्हणाले, "हो." बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज, रक्त तिथे तयार होतं. एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

माझी मुलगी जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. पहिल्या वेळी तिला अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा सुरुवात साधी होती. न जाणारा ताप आणि नडगीवर निळे डाग. सायकलवरून पडली असेल, असं समजून मी आठ दिवस घालवले. तुम्ही घालवू नका. रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

ते उपचार संपल्यावर डॉक्टर "रिमिशन" म्हणाले होते. म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही. मी साताऱ्याला घरच्यांना फोन करून सांगितलं, बरी झाली. या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसऱ्या खेपेला जुईच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, फार कमी झाल्या. सुई हातात द्यायची नाही, असा हुकूम होता. म्हणून ती प्लास्टिकच्या चकत्यांवर रेशमी धागा गुंडाळून कानातली करू लागली. इथल्या तमिळ बायका ती हौसेने घालतात. विकायची कल्पना तिचीच. वॉर्डाबाहेर लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी एक दानपेटी होती. पैसे तिच्यात टाकायचे, हेही तिनेच ठरवलं.

नवरात्रात मी शोळिंगनल्लूरच्या आमच्या सोसायटीत टेबल मांडलं. पहिल्याच बाईंनी विचारलं, "तोडु इरुक्का?" मला वाटलं, काहीतरी तोडायचं म्हणताहेत. मी घाईने नको नको म्हटलं. त्या निघून गेल्या.

जुई इथेच जन्मलेली. घरी हे सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसली.

"आई, त्या कुड्या मागत होत्या. तमिळमध्ये तोडु म्हणजे कुड्या. भवानीच घालवलीस."

तेव्हापासून प्रत्येक जोडी झाली की ती वर धरून विचारायची, "आई, तोडू?"

एका बाईंनी टेबलावरच्या पाटीवर कॅन्सर हा शब्द वाचला आणि हातातली जोडी खाली ठेवून बोटं पदराला पुसली. मी पाटी उलटी केली. विक्री वाढली. जुईला कळल्यावर तिने पाटी पुन्हा सुलटी करायला लावली.

या खेपेला दिलेलं नवं औषध लागू पडलं नाही. मी डॉक्टरांना संशोधनाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्याचा उपयोग पुढच्या मुलांना होईल. हिच्यासाठी ते वेळेत येणार नाही." जुईने विचारलं, म्हणून मी तिला तसंच सांगितलं.

"मग भाव वाढव," म्हणाली.

शेवटच्या डिस्चार्जच्या कागदावर "पॅलिएटिव्ह केअर" लिहिलं होतं. म्हणजे बरं करण्याचे उपचार थांबले, आता दुखणं कमी ठेवायचं. नवरा सह्या करायला गेला. वॉर्डातल्या मल्लिका सिस्टर जुईच्या मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी कापायला कात्री घेऊन आल्या. जुईने हात पुढे केला आणि मला विचारलं, "आई, तोडू?"

सिस्टरना मराठी येत नाही. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "मला निळे हवेत. किती दिवस नुसतं देते म्हणतेस?"

जुई माझ्याकडे बघून हसली. मला हसता आलं नाही. पट्टी कापली गेली.

निळे तोडु करायला आठवडा लागला. धाग्याची टोकं तिला धरवेनात, म्हणून ती मी चिकटवली. द्यायला एकटीच गेले. सिस्टरनी घासाघीस केली नाही, वाढवलेला भाव दिला आणि तिथेच कानात घातले. कोणी आपल्या मुलाला इतकं लक्षात ठेवलं, तर आभार माना. मी मानले.

पैसे पेटीत टाकायला गेले, तर शेजारच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर कोरी फाईल, बाजूला झोपलेला मुलगा. तिने मला विचारलं, तुमचं मूल बरं झालं का. मी नाही म्हटलं. मी तिला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून ठेवत जा, आत गेल्यावर सुचत नाही.

तिच्याकडे पेन नव्हतं. माझं देऊन आले.