पळणाऱ्या भावाचा हेवा

जन्मतःच माझ्या हृदयाला छिद्र होतं. लहानपणी ऑपरेशन झालं, छातीवर उभा व्रण राहिला आणि घरच्यांनी माझं पळणं कायमचं बंद केलं. वडगाव रासाईत चुलत्याचं आणि आमचं अंगण एकच. चुलतभाऊ माझ्याच वयाचा, पोलीस भरतीची तयारी करायचा. उजाडलं की भीमेकाठच्या रस्त्यानं पळायचा आणि मी मोटारसायकलवर बसून मोबाईलवर त्याची वेळ मोजायचो.

घामानं निथळत तो परत आला की मला त्याचा राग यायचा. त्याचा दम, त्याच्या मांड्या, चुलतीनं त्याच्यासाठी भिजवलेले हरभरे, सगळंच मला हवं असायचं. कुणी म्हणालं, "पोरगं घोड्यावानी पळतंय," की मी विषय बदलायचो.

एका सकाळी वळणावर तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकले आणि तोंडावर पडला. मला वाटलं, चेष्टा करतोय. जवळ जाऊन उताणं केलं तर डोळे उघडेच. उसाला पाणी द्यायला आलेल्या एका माणसानं टेंपो आणला. छाती दाबायची असते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

"तुझ्या छातीला टाकं, आन् गेला त्यो," चुलती मला म्हणाली. आवाज चढला नाही. पण मी त्याच्याकडे जसा बघायचो, तशीच ती माझ्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत होती. आणि मला तेव्हाही त्याचाच हेवा वाटत होता. चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. सगळं गाव त्याच्यासाठी रडत होतं.

पोस्टमॉर्टेममध्ये कळलं, त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे घराण्यात असू शकतं, भावंडं तपासा, असं डॉक्टर म्हणाले. चुलती माझ्याकडेच आली. "तुला दवाखान्यातलं समजतंय. धाकटीला घिऊन चल."

त्याची धाकटी बहीण कॉलेजात होती, भावाचं बघून तीही भरतीसाठी पळायची. दौंडला हृदयाची सोनोग्राफी झाली. तिलाही तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, पळणं बंद. बाकावर बसून चुलती पदर तोंडाला लावून रडली. मग उठताना तिनं माझाच हात धरला.

येताना रसवंतीवर थांबलो. समोरच्या मैदानात मुली पळत होत्या. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली.

"दादा, तुला कसं जमलं रं, एवढी वर्षं नुसतं बघत बसायला?"

"न्हाई जमलं. जळायचो त्याच्यावर."

"त्याला म्हाईत हुतं."

"काय म्हणायचा?"

"म्हणायचा, येऊ दे त्याला रोज. त्यो बघत असला की मला जोर येतो."

हे ऐकूनही मला त्याचा हेवाच वाटला.