अडखळण्याची नोकरी

शाळेतली मुलं त्यांना भूगोलबाई म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तेच नाव चिकटून राहिलं होतं. नवरा गेला आणि पाठोपाठ अर्धांगवायूचा झटका येऊन डावा पाय अधू झाला. वाचा शाबूत राहिली म्हणून लोक नशीबवान म्हणाले. पण वाचा राहून उपयोग काय, घरात बोलायला चिटपाखरू नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, रोज तीन तास चालायला जाल का? एका ठिकाणी सेन्सर बसवलेली काठी तयार होत होती. माणसाचा तोल जाणार असं दिसलं की ती मुठीत थरथरून सावध करणार. पण तोल जातो कसा हे काठीला शिकवायचं तर अडखळणारं माणूस हवं. जन्मभर मुलांना ‘नीट चाला’ म्हणून दटावलं आणि म्हातारपणी नोकरी मिळाली ती वाकडं चालण्याची! बाईंना हसू आलं, आणि त्या गेल्या.

दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिच्यात लाकडी उतार, तीन खोट्या पायऱ्या, गालिचाचा तुकडा, मुद्दाम ओली ठेवलेली फरशी. कमरेला पट्टा बांधून वर छताला दोर, म्हणजे पडल्या तरी लागायचं नाही. एक इंजिनीअर मुलगी आणि तिचे दोन मदतनीस असायचे; मुलगी पडद्यावरची रेघ बघत बसायची. बाई अडखळल्या की रेघ उसळायची, काठी थरथरायची, आणि खोलीतली तिघंही माना वर करून बघायची. ‘छान झालं, बाई,’ असं कोणीतरी म्हणायचंच. इतक्या वर्षांत बाईंकडे कोणी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी मुलगी विचारायची, झोप लागली का, पाय जड वाटतोय का, खाल्लंत का. बाई येतानाच उत्तरं जुळवत यायच्या. कितीला जाग आली, स्वप्न काय पडलं, सगळं. एकदा मुलगी बाहेर गेली असताना टेबलावरचा छापील कागद बाईंना दिसला. तेच तीन प्रश्न, पुढे चौकटी. कालच्या सबंध स्वप्नाचं ‘झोप: बरी’ झालं होतं. बाईंनी कागद होता तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तितकंच पाल्हाळ लावलं.

चार महिने गेले. रोजच्या चालण्यानं पायात बळ आलं, आणि रेघ सपाट होत गेली. ओल्या फरशीवरूनही बाई सरळ जाऊ लागल्या. एक दिवस मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती, की आता दुसरं माणूस बघावं लागेल. ते बाईंच्या कानावर पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गालिचाच्या कडेत अंगठा अडकवला आणि अंग सोडून दिलं. दोर ताणला गेला. काठी गप्प. त्यांनी पुन्हा तेच केलं, मग पायरीवरही. काठी ढिम्म हलली नाही. मुलीनं बाकीच्या दोघांना चहाला पाठवलं.

‘काठी बिघडली वाटतं,’ बाई म्हणाल्या.

‘नाही हो. तोल गेला की माणूस मूठ आवळतं. तुम्ही आधी वर दोर बघितलात, मग पाय अडकवलात.’

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. पडण्याचंही आणता येत नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं. पोट दुखतं म्हणून खोटं कण्हणारी पोरं त्या एका नजरेत ओळखायच्या. आता त्यांनीच मान खाली घातली.

‘कधीपर्यंत येऊ?’

‘शुक्रवारपर्यंत या.’ मुलगी पट्टा सोडायला वाकली. ‘बाई, तुम्ही बऱ्या झालात. चांगलंच आहे ना?’

‘चांगलंच आहे,’ बाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांना एक काठी भेट मिळाली. ती घरात कधी थरथरली नाही.

दोन महिन्यांनी, कोणी बोलावलं नसताना, बाई तिथं गेल्या. जिना सहज चढल्या. खोलीला कुलूप होतं. खालचा पहारेकरी म्हणाला, मोठ्या जागेत गेले ते, कुठं ते मला नाही सांगितलं. त्यानं बसायला स्टूल पुढे केलं. बाई जराशा टेकल्या, त्याच्याशी उन्हाबद्दल दोन शब्द बोलल्या आणि उठल्या.

बस समोर उभी असूनही त्या चालत निघाल्या. तासाभराचा रस्ता, मध्ये चढ, खोदलेला पदपथ. पाय एकदाही अडखळला नाही. घरी येऊन त्यांनी दूरच्या शहरातल्या भावाला फोन लावला. तो जेवायला बसला होता, नंतर करतो म्हणाला. बाई म्हणाल्या, सावकाश जेव, घाई काही नाही. मग चपला काढून त्या खिडकीपाशी बसल्या आणि दुखरा पाय स्वतःच्याच हातानं चेपत राहिल्या.