मागे चढणारा मॅनेजर

आमच्या गोदामाच्या मॅनेजरला सगळे पैलवान म्हणतात. जन्मात त्याने कधी दंडबैठक काढली नसेल, पण देह असा की समोरून आला तर आपणच भिंतीला चिकटून वाट द्यायची. माझ्याकडे डिस्पॅच आहे. माल वेळेवर बाहेर काढायचा आणि उशीर झाला की बोलणीही मीच खायची. त्यामुळे पैलवानाशी माझं रोज वाजतं. तरी माणूस सोन्यासारखा आहे. फक्त कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही, आणि दाजींना तर अजिबातच नाही.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमची फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, तेच चालवतात. मेहुण्याला इथे चिकटवलं त्यांनीच. पुढे मेहुणा मॅनेजर झाला आणि दाजी गाडीवरच राहिले. कामावर ते त्याला 'साहेब' म्हणतात, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला हसू फुटावं. पैलवान मुकाट्याने ऐकून घेतो.

आमची फोर्कलिफ्ट लहान. न झेपणारा माल उचलायला गेलं की तिची मागची चाकं जमीन सोडतात. मोठी गाडी मागून मागून तोंडं दुखली. शेवटी पैलवानानेच तोड काढली. तो स्वतः गाडीच्या पाठीवर चढून उभा राहायला लागला. त्याच्या भाराने मागची बाजू टेकायची, दाजी माल उचलायचे आणि हमाल टाळ्या पिटायचे. मला मेलं ते बघवायचं नाही, पण माल सुटायचा.

त्या दिवशी वरच्या मजल्यावर प्रशिक्षण होतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांचं नाही, त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांचं. आम्हा सगळ्यांना फोन दारातच टोपलीत टाकायला लावले. शिकवायला आलेल्या बाई अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, "गाडीला माल झेपत नसेल, तर तुम्ही काय करता?"

"मी मागे चढतो," पैलवान म्हणाला. चांगला छाती फुगवून म्हणाला. सगळे हसले, बाई सोडून.

बाईंनी टेबलावरची खेळण्यातली फोर्कलिफ्ट पुढे ओढली. तिच्या पुढच्या दात्यांवर एक कुलूप ठेवलं, तशी मागची चाकं उचलली गेली. मग पाठीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि चाकं टेकली. "हे तुम्ही," असं म्हणून त्यांनी कुलूप बोटाने जरासं ढकललं. कुलूप घसरलं, गाडीची पाठ दणकन आपटली आणि जुडगा उडून चाकाशी जाऊन पडला.

"आणि चढलेल्या माणसाने घाबरून मधेच उडी मारली, तर गाडी पुढे कलंडते," बाई म्हणाल्या. "म्हणून त्याला 'उतर' असं ओरडायचं नाही. आधी माल खाली, मग माणूस. आणि हे सांगायचं काम तुमचं, चालवणाऱ्याचं नव्हे."

पैलवानाचा चेहरा पडला होता. टेबलाकडे बघवेना म्हणून त्याने मान फिरवली ती खिडकीकडे, आणि तो ताडकन उठला. मीही खाली पाहिलं. उद्या यायचं एक जड यंत्र आजच आलं होतं. दाजींनी ते ट्रकवरून उचलायला घेतलं होतं, आणि गाडीच्या पाठीवर दोन हमाल एकमेकांना धरून उभे होते. साहेब वर अडकलेत, मग त्यांच्या जागी दोघं, हा दाजींचा हिशेब.

खिडकीची काच उघडणारी नव्हती. पैलवान खुर्ची पाडून पळाला. एरवी कठडा धरून एकेक पायरी उतरणारा हा माणूस त्या जिन्यावर मला सापडेना.

आम्ही खाली पोचलो तेव्हा यंत्र दात्यांवर, ट्रकच्या फळीपासून वीतभर वर तोललेलं होतं. फोर्कलिफ्टचं मागचं चाक अधांतरी थरथरत होतं. पैलवानाला बघून दाजींचा चेहरा खुलला.

"या साहेब, वेळेवर आलात. चढा पटकन, जरासंच कमी पडतंय."

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की चढावं त्याने. तो चढला असता तर ते चाक तिथल्या तिथे टेकलं असतं. त्याचा एक पाय पुढे पडलाही. तेवढ्यात एका हमालाने घाबरून विचारलं, "साहेब, आम्ही उतरू का?"

"हलू नका. आहात तसेच थांबा," पैलवान हळू आवाजात म्हणाला. मग मालापासून लांब राहून तो बाजूने गेला, दाजींना दिसेल असा उभा राहिला आणि त्याने हाताचा पंजा खाली दाखवला. "दाजी, यंत्र परत ट्रकवर टेकवा. सावकाश."

"अहो, झालंच आहे. चढा म्हणतोय ना."

"मी चढणार नाही."

दाजींचे डोळे लाल झाले. "चार माणसांत मला शिकवताय? तुम्हाला इथे आणलं कुणी?"

"तुम्ही आणलंत. टेकवा, दाजी."

त्याने पंजा तसाच खाली दाखवत धरला. दाजींनी रागाच्या भरात दांडा खेचला असता तर सगळं संपलं असतं. पण त्यांचा राग हातात उतरला नाही. यंत्र हळूहळू खाली आलं, त्याचा एक कोपरा फळीला लागला, ट्रक करकरला, आणि मग मागचं चाक जमिनीला टेकलं.

"आता उतरा," पैलवान म्हणाला. एक हमाल उतरला तो तिथेच फरशीवर बसला.

दाजींनी गाडी बंद केली आणि खाली उतरून किल्ली मेहुण्याच्या हातात कोंबली. "रोज तुम्ही चढत होता, तेव्हा काही झालं का? आता घरी जाऊन तुमच्या ताईला सांगा, नवऱ्याला गाडीवरून उतरवलं म्हणून."

"सांगतो," पैलवान घाम पुसत म्हणाला. "रोज मी मागे चढायचो, तेही सांगतो. माल घसरला असता तर मी तुमच्याच चाकाखाली आलो असतो, हेसुद्धा सांगतो."

आई गेल्यावर त्या बहिणीनेच याला लहानाचा मोठा केलाय. गाडीच्या पाठीवर, जिथे पैलवान उभा राहायचा, तिथे दाजींनी पाहिलं.

"तिला सांगू नकोस रे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत कामावर त्यांना मेहुण्याला 'अरे-तुरे' करताना मी ऐकलं नव्हतं. "ती माझं तोंड बघायची नाही."

"आजच सांगणार," पैलवान म्हणाला, आणि त्याने किल्ली खिशात टाकली.