वन्सं, रक्त आणि पांढरी माती

आमच्या वन्संना रक्त बघवत नाही. बघवत नाही म्हणजे जीव कळवळतो वगैरे नव्हे, त्या सरळ खाली पडतात. लहानपणी यांचा घोळणा फुटला की घरातले आधी वन्संना उचलायला धावायचे, आणि हे नाक धरून कोपऱ्यात उभे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी मला ही हकिकत सांगितली आणि अजूनही कोणी पाहुणा आला की सांगतात. वन्सं यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, आमच्याच घरात खालच्या खोलीत राहतात. ती हकिकत दर वेळी शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, तुझ्या नाकाला तेव्हा दुसरा उद्योगच नव्हता.

अशा बाईने पोटापाण्यासाठी निवडावं काय, तर काच. एकोणतीस वर्षं त्या एकाच दुकानात काच कापतात. मोठं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, लाकडी पट्टी आणि हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल, एवढाच त्यांचा संसार. रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढली की काच हट्टाला पेटते आणि वाटेल तिथून जाते. मग खालून हलकेच ठोकून, दोन्ही हातांनी किंचित वाकवलं की टक्‌ असा आवाज येतो आणि दोन तुकडे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातावर वण फक्त तीन. मी एकदा विचारलं, रक्ताची एवढी भीती असून हे काम कसं करता? म्हणाल्या, भीती आहे म्हणूनच तीन.

गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मालकांना बजावलं की इथे एक तरी माणूस प्रथमोपचार शिकलेला हवा. मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. कोणाला गाडी लावायची आठवण झाली, कोणाला फोन आला. वन्संची मान खाली होती, कारण त्या त्याच अधिकाऱ्याने दिलेलं पत्रक वाचत होत्या. छापलेलं काहीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं हा त्यांचा स्वभावच. मालक म्हणाले, बस, ठरलं, ताई शिकतील.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. यांना सांगू नकोस म्हणाल्या, आयुष्यभर पुरेल त्याला. नाही का म्हणाला नाहीत, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "बाकीचे रक्त बघतील गं, पण वाचून करणार नाहीत. मी वाचून करेन, पण बघणार नाही. आणि माझ्या पडण्यापायी एखादा गेला तर मी पुन्हा उभी राहायची नाही."

शिकवायला एक निवृत्त परिचारिका यायच्या, दुकानामागच्या खोलीत, दोन रविवार. दुसऱ्या रविवारी मीही गेले. नुसती बघायला म्हणून गेले आणि सगळ्यांत जास्त प्रश्न मीच विचारले.

परिचारिकांनी एक चपटं, हवाबंद पाकीट दाखवलं. आत पातळ जाळीदार कापडाची लांबच लांब पट्टी घडी करून ठेवलेली. कापडाला पांढरी माती लावलेली असते. ती रक्ताला लागली की रक्त लवकर गोठतं. मला वाटलं, ही माती काहीतरी चिकटवत असेल. परिचारिका म्हणाल्या, तसं नाही, गोठायचं कसं हे रक्ताला माहीतच असतं, माती फक्त घाई करायला लावते. मी म्हटलं, विरजणासारखं? मग सगळंच रक्त गोठलं तर? त्या हसल्या. पट्टी टेकते तिथेच गोठतं, म्हणाल्या, माणसाचं दही होत नाही. दुसऱ्या एका तऱ्हेच्या पट्टीला कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं काही लावतात, तेही रक्त थांबवतं. आमच्या घरात मासळी येत नाही, त्यामुळे आपली पट्टी मातीची आहे हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. मग मनात आलं, मरणाऱ्याच्या कामी आलेल्या टरफलाला विटाळ तो कसला? देवाने समुद्राच्या तळाशीसुद्धा काय काय ठेवून दिलंय, आणि आपण नाक मुरडतो.

चिरा-ओरखड्यांसाठी ही पट्टी नव्हे. छाती-पोटाच्या जखमेतही कोंबायची नाही. हातापायाला जखमेच्या वर आवळून बांधता येतं, तिथे आधी ते. पण जांघ किंवा काख, जिथे आवळायला जागाच नसते, तिथे ही पट्टी जखमेच्या आत, अगदी तळापर्यंत भरायची. मग दोन्ही हात ठेवून अंगाचा सगळा भार टाकायचा. तीन मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये उचलून बघायचं नाही. भिजून वर आलं तर त्यावरच दुसरी भरायची आणि जास्त जोराने दाबायचं.

आणि परिचारिका सहज एक वाक्य बोलून गेल्या. जखम डोळ्यांनी शोधू नका, रक्त साचल्यावर दिसत काहीच नाही. बोट आत घाला, जिथून ऊन धार बोटाला ढकलते, तिथे भरा. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू बंद खोलीत कोणीतरी खिडकी दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मोरीत सराव सुरू झाला. वन्संनी मळलेली कणीक मागितली, म्हणे हाताला मांसासारखी लागते. मी साफ नाही म्हटलं. अन्नाशी असला खेळ माझ्या घरात नको. मग जुन्या गादीच्या स्पंजला भोक पाडून आतून रबरी नळी घातली आणि ती नळाला जोडली. तीन दिवसांनी वन्संची तक्रार आली की स्पंज पाणी स्वतःच पितो आणि श्रेय मला देतो. शेवटी मी देवाला सांगितलं की हे एका जिवासाठी आहे, नासाडीत धरू नकोस, आणि कणकेचा गोळा मळून दिला. वन्सं मोरीत उकिडव्या बसायच्या, नजर छताला, साधी जाळीची पट्टी हातात. बोट फिरवत फिरवत थांबायच्या आणि म्हणायच्या, इथे. पाणी थांबायचं. मीही करून पाहिलं. मला कधी सापडलंच नाही, कारण मी सारखी वाकून बघत होते.

यांनी एकदा मोरीत डोकावून विचारलं, कणकेला काय झालं? वन्सं म्हणाल्या, घोळणा फुटलाय.

घडलं ते भर दुपारी बाराला. मी वन्संचा डबा द्यायला दुकानात गेले होते. लंबू, म्हणजे खिडक्या बसवायला जातो तो उंच कारागीर, काचा ने-आण करायच्या चाकाच्या घोडीवरून आरसपानी मोठी काच उतरवत होता. काच घसरली. फुटली नाही, ती खाली टेकून तशीच उभी राहिली. फक्त तिचा कोपरा लंबूच्या उजव्या जांघेत खोल जाऊन बाहेर आला होता. लंबू भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि त्याच्या खालची फरशी बघता बघता लाल झाली.

मालकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. वन्संनी त्यांना ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं, एकाला कात्रीने विजारीचं कापड कापायला लावलं, पट्टीची दोन पाकिटं शेजारी ठेवली आणि हातमोजे चढवले. आवाज अगदी रोजचा, काचेचं माप सांगतात तसा. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मला समोर बसवलं. "वहिनी, तू माझ्यासमोर बस. मी तुझ्याकडे बघणार आहे."

आणि त्या खरंच माझ्याकडेच बघत राहिल्या. खाली हात काय करताहेत याचा चेहऱ्यावर पत्ता नव्हता. लंबू एकदाच मोठ्याने ओरडला. तेव्हा वन्संचे ओठ हलले, इथे. मग पट्टी आत जाऊ लागली, एका बोटाने दाबून धरायची, दुसऱ्याने भरायची, मध्ये कुठे सैल सोडायची नाही. संपली तशी दोन्ही तळवे ठेवून, कोपरं ताठ करून त्यांनी सगळा भार टाकला. मालकांना घड्याळ बघायला सांगितलं.

मिनिटभराने मला त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. ओठ पांढरे पडत होते. रक्ताचा वास कुठे नजर वळवून टळतो? त्या माझ्याकडे बघूनच म्हणाल्या, "माझ्या हातांवर हात ठेव. जोरात. आता मी माझे काढून घेते. मी पडणार आहे."

पडल्या मात्र नाहीत. पडायच्या आधी स्वतःच लंबूशेजारी फरशीवर आडव्या झाल्या, पाय भिंतीला वर लावले आणि डोळे मिटून घेतले. जन्मभर पडत आलेल्या बाईला पडायचं कसं हेही शिकायला लागलं असणार.

मी दाबत होते. मनात देवाचं नाव चाललं होतं. आता जे लिहिते आहे ते लिहायला हात जड होतो. माझ्या तळव्यांखाली काहीतरी चाललं होतं आणि ते मला दिसत नव्हतं. माती घाई करते आहे का? थांबलं का? मालक म्हणाले, दोन मिनिटं झाली. मला राहवलं नाही. मी एका बाजूने तळवा जरासा उचलला आणि पट्टीची कड वर करून बघितलं.

बघितलं, आणि त्याच क्षणी रक्त उसळून बोटांमधून वर आलं. मालक ओरडले. खालून, डोळे मिटलेल्या वन्संचा आवाज आला, "उचललंस ना?"

मी हो म्हटलं. त्या कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या. डोळे अजून मिटलेलेच. दुसरं पाकीट दातांनी फाडलं, चाचपत माझ्या हातांपर्यंत आल्या, मला एक हात सरकवायला लावून पहिल्या पट्टीवरच दुसरी भरली. मग त्यांचे हात खाली, माझे वर. मालकांना पुन्हा पहिल्यापासून वेळ लावायला सांगितलं. ती तीन मिनिटं मी वन्संच्या केसांतल्या भांगाकडे बघत काढली. खाली बघायची माझी छाती नव्हती. ॲम्ब्युलन्सवाले आत आले तेव्हा आम्ही हात उचलून चार मिनिटं झाली होती आणि नवं रक्त आलं नव्हतं. वन्संनी दोन्ही रिकामी पाकिटं त्यांच्या हातात दिली, आत किती आणि काय भरलंय हे डॉक्टरांना कळायला हवं म्हणून. भरल्याची वेळही सांगितली. मग सावकाश पुन्हा आडव्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. लंबूची मोठी शीर शिवली आहे, पाय शाबूत आहे, बोटं हलवतो. मी देवापुढे बसले ती बराच वेळ उठलेच नाही. आभार मानायचे होते आणि क्षमाही मागायची होती, आणि आधी कोणतं हे ठरत नव्हतं.

मग वन्संच्या खोलीत गेले. म्हटलं, वन्सं, माझ्या त्या बघण्याने तो गेला असता. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्यांच्यात नाही. गेला असता, म्हणाल्या, गेला नाही. बस जरा. मी बसले. बराच वेळ त्या बोटांनी चादरीची सुरकुती सारखी करत होत्या. मग माझ्याकडे न बघता, एखादी लहान मुलगी गोष्ट मागते तसं त्यांनी विचारलं, "तू पाहिलंस ना? ते गोठायला लागलेलं. कसं दिसत होतं गं?"

मी सांगायला लागले. कडेला उजळ लाल होतं, पण पट्टीला लागून काळपट, दाट, साय धरावी तसं, आणि मध्ये एका जागी ते अजून—

"पुरे," वन्सं म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या होऊन त्यांनी पाय भिंतीला लावले. मी उशी सरकवली. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, साय म्हणजे पातळ की जाड?